भिंत आणि धावपट्टी एकाच प्रस्तावात घालू नका

धावपट्टीचं नव्याने डांबरीकरण, पावसाळी गटारं आणि कुंपणभिंत असा एकत्र प्रस्ताव पाठवला, तो दोनदा 'जागेबाबत खुलासा करावा' असा शेरा मारून परत आला, आता काय करू, असं तुम्ही विचारलंय. हाच शेरा सात-आठ वर्षांपूर्वी माझ्या टेबलावर आला होता. मी स्थापत्य शाखेत होते, कोकणातल्याच एका धावपट्टीचं काम बघायचे, आता निवृत्त आहे. प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, दरसूची, निविदा हे तुम्हाला येतच असणार. मी फक्त जागेबद्दल लिहिते, कारण माझं अख्खं एक आर्थिक वर्ष जागेपायी वाया गेलं.

आमच्या सल्लागाराने सुंदर नकाशा दिला होता. अडथळ्यांचं, म्हणजे विमानाच्या वाटेत येणाऱ्या उंच झाडं-इमारतींचं, सर्वेक्षण विमान वाहतुकीच्या नियमाप्रमाणे डब्ल्यूजीएस-८४ या पद्धतीतल्या अक्षांश-रेखांशांवर करावं लागतं, त्यामुळे त्याचा सगळा नकाशा त्याच पद्धतीत. गावचा गट नकाशा मात्र जुना, साखळीने मोजलेला. मी काय केलं, तर संगणकावर एक नकाशा दुसऱ्यावर ठेवला आणि धावपट्टीची दोन टोकं जुळेपर्यंत लहान-मोठा केला. टोकं जुळली, म्हणून सगळं जुळलं असं धरलं आणि त्यावर भिंतीचं अंदाजपत्रक केलं. चूक तिथे झाली, आणि ती माझी होती. मोजणीची 'क' प्रत, म्हणजे भूमी अभिलेख कार्यालय मोजणीनंतर देतं तो हद्दींचा नकाशा, हातात नसताना भिंतीची रेषा ओढायलाच नको होती.

हे कळलं आखणीच्या दिवशी. ठेकेदाराची माणसं सड्यावर चुन्याची फक्की मारत चालली होती. पूर्वेच्या कोपऱ्यावर आंब्याच्या कलमांजवळ एक आजी येऊन उभ्या राहिल्या. झाडाला हात लावून म्हणाल्या, "ह्यो आंबो माझ्या सासऱ्यान लायलेलो. आदी मोजा, मगे गडगो घाला." आरडाओरडा नाही, काही नाही. मी करवंदीची जाळी बाजूला करायला लावली, तर खाली हद्दीचा दगड निघाला, आमच्या फक्कीच्या चांगला चार मीटर अलीकडे. त्या बाजूला भिंतीची लांबी पावणेतीनशे मीटर. हिशेब करा, जवळजवळ अकरा गुंठे आम्ही दुसऱ्याच्या जमिनीत शिरलो होतो. सातबाऱ्यावर एकोणीस नावं, निम्मी माणसं मुंबईला, दोघांच्या वारसनोंदी झालेल्या नाहीत. कोकणात सामाईक जमीन म्हणजे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको.

काम थांबवलं आणि अतितातडीच्या मोजणीचे पैसे भरले. ते मोजणीचं कार्यालय कुठलं, त्याचं नाव घेत नाही. जानेवारीत पैसे भरले, पंधरा दिवसांनी कळलं की अधिकारपत्र जोडलेलं नाही. ते दिलं, तर आणखी पंधरा दिवसांनी लगतच्या गटांचे उतारे हवेत. तेही दिले, तेव्हा मोजणीदार दुसऱ्या कामावर. या तिन्ही गोष्टी पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून देता आल्या असत्या. मी तीन वेळा साठ किलोमीटर जाऊन आले, आणि आजही त्या खिडकीसमोरचा बाक आठवला की जीव कासावीस होतो. ३१ मार्च उलटला. निधी परत गेला.

आणि खरी हळहळ वाटते ती पुढच्या गोष्टीची. डांबरीकरणाला जागेची काहीच अडचण नव्हती. पण प्रस्ताव एक, मान्यता एक, निविदा एक, म्हणून भिंतीबरोबर तेही अडकलं. कोकणात जून ते सप्टेंबर डांबराला हात लावता येत नाही, म्हणजे मार्च हुकला की थेट दिवाळी. तोवर नवी दरसूची आली, अंदाजपत्रक वाढलं, सुधारित प्रशासकीय मान्यता घ्यावी लागली. आणखी एक पावसाळा धावपट्टीच्या भेगांत पाणी मुरलं.

म्हणून माझं स्पष्ट मत: जागेला हात लावणारं काम आणि जागेला हात न लावणारं काम यांचे प्रस्ताव वेगळे करा. वरून 'एकत्रित पाठवा' असं सांगतील. तसं लेखी मागा, आणि तरी वेगळ्यासाठी आग्रह धरा. गटारं धावपट्टीच्या आवारात संपत असतील तर डांबरीकरणाबरोबर जाऊ देत. पाणी शेजारच्या वहाळात सोडायचं असेल तर ती भिंतीबरोबर घ्या, कारण तिथेही कुणाची तरी जमीन लागते. भिंतीचं अंदाजपत्रक 'क' प्रत आल्यावरच करा. हल्ली मोजणी रोव्हरने, म्हणजे उपग्रहावरून अक्षांश-रेखांश घेणाऱ्या यंत्राने होते, त्यामुळे दोन नकाशे जुळवणं आमच्या वेळेपेक्षा सोपं आहे. पण दगड स्वतः जाऊन बघा, आणि लगतच्या लोकांना त्या दिवशी उभं करा.

तुमच्या प्रश्नाखाली कुणीतरी 'उडानमधून', म्हणजे केंद्राच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेतून, पैसे मागा असं सुचवलंय. त्यात गल्लत आहे. उडानमधली तूट भरून देणारी रक्कम विमान कंपनीला मिळते, तीही तीन वर्षं, ८० टक्के केंद्र आणि २० टक्के राज्य. त्यातून तुमची भिंत होत नाही. सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचंच बघा. अडीच हजार मीटरची धावपट्टी, ९ ऑक्टोबर २०२१ ला उद्घाटन, उडानमधून मुंबईचं विमान, आणि मुदत संपल्यावर ती सेवा थांबली. बांधकामासाठीचा भाग वेगळा आहे. सेवा नसलेल्या आणि कमी सेवा असलेल्या विमानतळांच्या पुनरुज्जीवनासाठी केंद्राने २०१७ मध्ये ४,५०० कोटी रुपये मंजूर केले होते. पण त्या योजनेतही विस्तारासाठी लागणारी जमीन राज्याने विनामूल्य आणि भारमुक्त द्यायची असते. म्हणजे फिरून सातबाऱ्याशीच येता.

आणखी एक, विषय थोडा बाजूचा आहे. अडथळ्यांच्या यादीत झाडं असतील तर आत्ताच वर्गवारी करा. आंबा आणि फणस १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत, परवानगीला वेळ लागतो. माड त्या अनुसूचीत नाही, पण तो दरवर्षी वाढतो. आज उंचीत बसणारा माड निधी येईपर्यंत अडथळा झालेला असतो. सर्वेक्षणात त्याची वाढ धरायला सांगा.

हे सगळं माझ्या अनुभवावरून, तेही राज्याच्या निधीच्या कामातलं. नियम बदलतात, त्यामुळे तुमच्या लेखाधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय काही करू नका. आधीच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र, म्हणजे निधी ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला, राहिलं असेल तर ते पहिलं द्या. आमची एक फाइल नुसत्या तेवढ्यासाठी दोन महिने थांबली होती.

तुमच्या भिंतीची रेषा कोणत्या मोजणीवरून काढलीय आणि 'क' प्रतीवर तारीख काय आहे, तेवढं इथे लिहा. शेऱ्याला उत्तर कसं द्यायचं ते त्यावरून सांगते.