सई, डॉक्टरांना प्रश्न विचारण्याबद्दल

सई बाळा,

परवा गाडीत तू म्हणालीस, आई, तुम्ही लोक डॉक्टरांना काहीच कसं विचारत नाही, सांगितलं की लगेच दंड पुढे करता, आणि माझ्या मैत्रिणीची आजी लस घ्यायच्या आधी एवढे प्रश्न विचारते तर तिला सगळे अडाणी समजतात. ते 'तुम्ही लोक' मला लागलं जरा. पण प्रश्न खरा आहे, म्हणून सावकाश लिहितेय.

आमच्या वाईला एक डॉक्टरकाका होते. लाल मिक्श्चरची बाटली, तिच्यावर डोसासाठी कातरलेली कागदाची पट्टी, आणि पैसे नसले तर 'नंतर बघू'. गणपतीत आरतीला आमच्याकडे, माईच्या तिन्ही बाळंतपणांना हजर. शाळेत टोचायला यायचे तेव्हा व्हरांड्यात स्टोव्हवर सुया उकळत असायच्या, स्पिरिटचा वास आला की सुरेशमामा भिंतीवरून पसार, बाकी आम्ही रडत का होईना रांगेत. माईच्या दंडावर देवी टोचल्याचे मोठे व्रण आहेत ना, माझ्या दंडावर बीसीजीचा, म्हणजे क्षयाच्या लशीचा. ह्या इंजेक्शनमध्ये काय आहे असं विचारणं आमच्याकडे उद्धटपणा होता. मला आजही डॉक्टरांसमोर बोलताना आवाज बारीक होतो.

पण आपली माणसंही कायम अशी नव्हती हं. १८९७ ला पुण्यात प्लेग आला तेव्हा रँडचे गोरे सोल्जर घराघरात, अगदी देवघरात शिरून रोगी शोधायचे, बायकांना तपासायचे, लोक इतके भडकले की चापेकर बंधूंनी रँडला गोळ्या घातल्या. त्याच वर्षी हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं मुंबईत प्लेगची लस आधी स्वतःला टोचून घेतली, तरी कितीतरी जण घ्यायला तयार नव्हते. माईच्या सासूबाई सांगायच्या, प्लेग आला की गाव उठून रानात झोपड्या घालायचं आणि सरकारी माणूस दिसला की आजारी माणसाला लपवायचं. त्यांना कोणी अडाणी म्हटलेलं मला नाही आवडणार.

तुझ्या मैत्रिणीची आजी काळी, अलाबामाची. आपल्या अटलांटाहून दोन तासांवर टस्कीगी आहे, तिथे १९३२ पासून अमेरिकेच्या सरकारी आरोग्य खात्यानं सिफिलिस हा गुप्तरोग झालेल्या ३९९ काळ्या माणसांवर चाळीस वर्षं नुसतं लक्ष ठेवलं, तुमचं रक्त खराब आहे, आम्ही उपचार करतोय असं सांगत. १९४७ पर्यंत त्यावरचं औषध, पेनिसिलिन, सगळीकडे वापरात आलं, ह्यांना दिलं नाही. १९७२ ला पेपरात आलं तेव्हा थांबलं, माफी मागितली १९९७ ला. आणि हे काही फक्त जुनं नाही, आजही ह्या देशात बाळंतपणाशी संबंधित कारणांनी काळ्या बायकांच्या मृत्यूचं प्रमाण गोऱ्या बायकांच्या साधारण तिप्पट आहे. कोविडची लस आली तेव्हा सुरुवातीला काळ्या लोकांमध्ये तयारी सगळ्यात कमी दिसत होती आणि आपण एशियन पुढे, पण चर्चमध्ये, सलूनमध्ये ओळखीच्या माणसांनी बसून उत्तरं दिली आणि वर्षभरात ती दरी बरीच भरली. ती मॉडर्नाची लस बनवणाऱ्यांत किझमेकिया कॉर्बेट नावाची काळी शास्त्रज्ञ होती, हेही तुझ्या मैत्रिणीला सांग.

मला वाटायचं, आमचा विश्वास होता कारण डॉक्टरकाका आपल्यातले होते. पण टस्कीगीची नर्स, युनिस रिव्हर्स, तीही त्या लोकांच्यातलीच होती गं, त्यांना गाडीतून तपासायला न्यायची, आणि तिच्यावर विश्वास होता म्हणूनच ते जात राहिले. हे वाचल्यापासून मला डॉक्टरकाकांच्या दवाखान्याची पायरी आठवतेय. नदीपलीकडच्या वस्तीतली माणसं तिथे बाहेर बसायची, औषध तिथेच मिळायचं, आणि आम्ही आत बाकावर. ती बाहेर का, हे आमच्या घरात कोणी बोललंच नाही. त्यांना विचारलं असतं तर डॉक्टरकाकांबद्दल त्यांनी काय सांगितलं असतं, मला खरंच माहीत नाही.

लस घ्यावी असंच मला वाटतं, त्यात काही बदल नाही, पोलिओनं पाय गेलेली मुलं आमच्या वर्गात होती. पण तू माझ्यासारखं गप्प बसावंस असं नाही वाटत. सातवीच्या आधी तुझी लस आहे ना, काय विचारायचंय ते कागदावर लिहून घे, तूच विचार, मी मध्ये एक शब्द बोलणार नाही. डॉक्टर घाईत असल्या तरी उत्तर मिळेपर्यंत आपण उठायचं नाही.

तुझी
आई