बेगल चपटे का झाले?

प्रश्न : मी काही वर्षांपासून न्यू जर्सीत राहते. शनिवारच्या न्याहारीचे बेगल (आधी उकळून मग भाजलेले, कड्याच्या आकाराचे पाव) विकत आणण्याऐवजी घरी करावेत, म्हणून ब्रेड मशीनमध्ये पावाच्या नेहमीच्या प्रमाणाने 500 ग्रॅम पीठ आणि 330 मिलिलिटर पाणी घालून ‘डो’ची (पीठ फक्त मळून फुगवण्याची) पूर्ण दीड तासाची सेटिंग चालवली. कडी वळून आणखी तासभर झाकून ठेवली, पण उकळत्या पाण्यात सोडताच ती बसली आणि भाजल्यावर चपटी, सुरकुतलेली निघाली. दोष यंत्राचा की माझा?
— एक वाचक, एडिसन

उत्तर : दोष प्रमाणाचा आणि वेळेचा आहे. बेगलचे पीठ पावाच्या पिठाहून बरेच घट्ट, पुरीच्या कणकेच्या जवळपास जाणारे असावे लागते. 500 ग्रॅम ब्रेड फ्लॉवरला (पावासाठीच्या, जास्त प्रथिने असलेल्या पिठाला) 280 मिलिलिटर पाणी, 10 ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा बार्ली माल्टचे सिरप (मोड आणलेल्या जवाचा गोड पाक) किंवा मध आणि दीड लहान चमचा इन्स्टंट यीस्ट पुरते. यंत्राच्या भांड्यात आधी पाणी व माल्ट, मग पीठ व मीठ, आणि सर्वांत वर यीस्ट घालावे. मळणी सुरू झाल्यावर पाच मिनिटांनी झाकण उघडून गोळा बोटाने दाबून पाहावा. तो बोटाला चिकटू नये, मात्र भांड्याच्या तळाशी कोरडे पीठही राहू नये. या घट्टपणाचा भार यंत्रावर पडतो. माझे यंत्र एकदा असा गोळा आपटत आपटत ओट्याच्या कडेपर्यंत सरकले होते, तेव्हापासून मळणी चालू असताना मी स्वयंपाकघर सोडत नाही. मोटर कण्हू लागली, तर एक-दोन चमचे पाणी शिंपडावे आणि एका वेळी 500 ग्रॅमपेक्षा जास्त पीठ घेऊ नये.

यंत्राचे काम मळण्यापुरतेच समजावे. मळणी संपताच ते बंद करावे, कारण त्यानंतरचा तासभर ते भांडे ऊबदार ठेवून पीठ फुगवत राहते. तुमच्याकडे आधी ते फुगणे आणि वर आणखी एक तास, असे दोन्ही मिळून यीस्टचा जोर उकळण्याआधीच संपला, आणि ओलसर पिठाला आपला आकार धरून ठेवता आला नाही.

पिठाचे साधारण शंभर ग्रॅमचे आठ गोळे करावेत, दहा मिनिटे झाकून ठेवावेत आणि कडबोळ्यासारखी वळी करून टोके तळहाताखाली दाबून घट्ट सांधावीत. सांधा कच्चा राहिला, तर तो पाण्यात सुटतो. तेल लावलेल्या ताटात ही कडी अर्धा तास बाहेर आणि मग रात्रभर फ्रिजमध्ये झाकून ठेवावीत. थंडीत ती सावकाश आंबतात आणि चव खुलते. सकाळी एक कडे गार पाण्याच्या वाडग्यात सोडून पाहावे. तरंगले तर तयार, बुडाले तर ताट थोडा वेळ बाहेर ठेवावे.

आता उकळणे, ज्यावाचून बेगल म्हणजे नुसता भोक पाडलेला पाव. पोलंडमधील क्राकोव्हच्या ज्यू समाजाच्या 1610 सालच्या नियमांत बेगलचा उल्लेख आढळतो, आणि पूर्व युरोपातून स्थलांतर केलेल्या ज्यूंनी तो न्यूयॉर्कला नेला. उकळत्या पाण्यात पृष्ठभागावरील स्टार्च शिजून त्याचा पापुद्रा बनतो, त्यामुळे ओव्हनमध्ये बेगल फारसा फुगत नाही आणि आतून चिवट राहतो. तीन लिटर पाण्यात एक मोठा चमचा माल्ट घालावे (माँट्रियलकडे या पाण्यात मध घालतात), प्रत्येक बाजू 45 सेकंद उकळावी, झाऱ्याने काढून ओलसर असतानाच तीळ किंवा खसखस लावावी आणि 425 अंश फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे 220 अंश सेल्सिअसला, वीसेक मिनिटे भाजावे.

प्रश्न : येथे ब्रेड फ्लॉवर सहज मिळत नाही. मैदा चालेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : चालेल, पण मैद्यात प्रथिने कमी असल्याने 500 ग्रॅम मैद्यात 20 ग्रॅम व्हायटल व्हीट ग्लुटेन (गव्हातील चिवट प्रथिनाची पूड) मिसळावे आणि ते पाणी शोषून घेत असल्याने दोन चमचे पाणी वाढवावे. कणीक घालायचीच असेल, तर पाव हिश्श्याहून अधिक नको, कारण तिच्यातील कोंडा ग्लुटेनचे धागे तोडतो.