तीनचा गजर

पहिल्या भेटीत त्यांनी फोन टेबलावर उपडा ठेवला आणि म्हणाल्या, "मला माझ्याच ग्रुपमधून काढतायत." काढत कुणीच नव्हतं, हे नंतर कळलं. पण त्या दिवशी त्यांना तसंच वाटत होतं, आणि समुपदेशनात सुरुवात जे वाटतं तिथूनच करावी लागते.

ग्रुपमध्ये सगळे त्यांना ताई म्हणतात, म्हणून इथेही ताईच म्हणते. ओळख पटू नये म्हणून बाकीचे तपशील बदलले आहेत. अकरा वर्षांपूर्वी त्यांच्या आठ वर्षांच्या मुलाला टाइप १ मधुमेह झाला. दिवसातून चार-चार इंजेक्शनं, आणि झोपेत साखर खाली गेली तर काय, ही कायमची धास्ती. त्या रोज रात्री तीनचा गजर लावून उठायच्या आणि मुलाच्या बोटाला सुई टोचून साखर बघायच्या. अशाच एका रात्री त्यांनी दवाखान्यात ओळख झालेल्या बारा आयांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला. "तीन वाजता जागी असणारी मी एकटी नाही, एवढंच मला हवं होतं," त्या म्हणाल्या. बाराचे आता साडेचारशे झालेत.

मुलगा आता एकोणीसचा. दंडावर साखर मोजणारा सेन्सर लावतो, स्वतःचे डोस स्वतः बघतो, शिकायला दुसरीकडे राहतो. ताईंनी दोन वर्षांत ग्रुपवर जेमतेम चार मेसेज टाकले असतील. अ‍ॅडमिन दोघीच. त्यातल्या दुसऱ्या बाईंनी कधीच नंबर बदललेला, त्यांचा जुना नंबर अजून यादीत तसाच.

मग एका रात्री कुणीतरी मेसेज टाकला की अमुक पावडरने मुलांचं इन्सुलिन कायमचं सुटतं, आणि खाली एक नंबर दिला. टाइप १ मध्ये शरीर स्वतः इन्सुलिन जवळजवळ बनवतच नाही. ते बाहेरून देणं थांबवलं तर काही तासांत रक्तात आम्ल साठायला लागतं आणि मूल जिवावरच्या दुखण्यात जाऊ शकतं. एका बापाने त्या मेसेजखाली सहा वेळा लिहिलं, 'कृपया कुणीही हे करू नका.' पण दुसऱ्याचा मेसेज सर्वांसाठी काढून टाकायचा हक्क अ‍ॅडमिनचा. ताई झोपल्या होत्या आणि ग्रुप म्यूटवर होता. मेसेज नऊ तास तिथेच राहिला. नुकतंच निदान झालेल्या एका मुलीच्या आईने त्या नंबरवर फोनही केला. सुदैवाने पावडर देण्याआधी तिने डॉक्टरांना विचारलं.

दुसऱ्या दिवशी त्या बापाने ताईंना खाजगीत लिहिलं, अगदी अदबीने: ताई, तुमच्यावर आता भार नको, आम्हा दोघातिघांना अ‍ॅडमिन करता का? तुम्ही मोकळ्या व्हा. ताईंनी तो मेसेज मला मोठ्याने वाचून दाखवला आणि म्हणाल्या, "भार नको म्हणजे मी नको."

इथे माझं चुकलं. दुसऱ्याच भेटीत मी म्हणून गेले, "त्यांचं म्हणणं बरोबर वाटत नाही का तुम्हाला?" बरोबर तर होतंच. पण ताई त्यानंतर तीन आठवडे आल्याच नाहीत. मुद्दा बरोबर असला की तो लगेच मांडावा, हा मोह इतक्या वर्षांनंतरही माझा सुटलेला नाही.

हा प्रश्न घेऊन येणारे ताईंसारखे बरेच जण भेटतात. ग्रुप मी सुरू केला, आता तिथे फारसा नसतो, पण नाव वर राहिलं तर कुणाचं काय बिघडतं? त्यातले बहुतेक जण पदाला चिकटलेले नसतात. ते कष्टाला चिकटलेले असतात. आपल्या हातात असलेली वस्तू आपल्याला जास्त मोलाची वाटते, हे कानमन, नेट्श आणि थेलर या संशोधकांनी १९९० साली साध्या कॉफीच्या मगांवर दाखवलं होतं. काही जणांना मग दिले आणि कितीला विकाल ते विचारलं, बाकीच्यांना कितीला घ्याल ते विचारलं. ज्यांच्या हातात मग होता त्यांची मागणी घेणाऱ्यांच्या दुपटीहून जास्त निघाली. ही गत काही मिनिटांपूर्वी हातात आलेल्या मगाची. इथे तर अकरा वर्षांच्या रात्री होत्या.

तीन आठवड्यांनी ताई आल्या तेव्हा ग्रुपचा विषय मी काढला नाही. झोप कशी लागते, एवढंच विचारलं. त्यांनी फोन उलटा केला आणि गजरांची यादी दाखवली. ३:००, रोज, चालू. मुलगा घरात नाही, सेन्सर त्याच्याच फोनवर वाजतो, तरी हा गजर चालूच. "बंद करायला हात होत नाही. बंद केला आणि त्याच रात्री काही झालं तर?" मग बराच वेळ गप्प राहून म्हणाल्या, "आणि नाही झालं, तर मग मी कोण?"

अ‍ॅडमिनपदाचा खरा प्रश्न मला त्या दिवशी कळला. ग्रुप सोपवणं म्हणजे ती रखवाली संपली हे कबूल करणं. मूल वाचलं, मोठं झालं, ही आनंदाचीच गोष्ट, पण तिच्यासोबत काहीतरी हातातून जातंही. ते गेल्याचं दुःख करायला कुणी वेळच देत नाही, कारण वरवर सगळं छान झालेलं असतं. पुढच्या दोन भेटी आम्ही त्याबद्दलच बोललो. त्यातलं फारसं इथे लिहिण्यासारखं नाही.

मग ताईंनीच विषय काढला. किती महिने गप्प राहिलं की पद सोडावं, असा काही नियम असतो का? असतो, काही ठिकाणी. इंग्रजी विकिपीडियावर २०११ पासून पद्धत आहे की ज्या प्रचालकाने, म्हणजे तिथल्या अ‍ॅडमिनने, बारा महिन्यांत एकही संपादन किंवा प्रचालकाचं काम केलेलं नाही, त्याचे अधिकार आधी कळवून काढून घेतात. पाच वर्षांत शंभरपेक्षा कमी संपादनं, ही अट २०२३ मध्ये त्यात आली. यात अपमानाचा भाग नाही. न वापरलेलं खातं कुणाच्या हाती लागलं तर मोठ्या अधिकारांसकट लागतं, ही त्यामागची एक काळजी. ताईंना हे पटकन समजलं. यादीतला तो जुना नंबर आज कुणाकडे आहे, हे त्यांना स्वतःलाच ठाऊक नव्हतं.

पण घरगुती ग्रुपला महिने मोजून चालत नाही असं माझं मत आहे. न बोलणं म्हणजे निष्क्रिय असणं नव्हे. रोज सगळं वाचणारा, वर्षातून एकदाच बोलणारा पण गरजेच्या तासाला जागेवर सापडणारा अ‍ॅडमिन उत्तम. मी ताईंना वेगळं विचारलं. आज रात्री तुमचा फोन पाण्यात पडला, तर उद्या सकाळपर्यंत ग्रुपवर कुणाचं काही अडेल का?

"नाही अडणार कदाचित."

मग अ‍ॅडमिन म्हणून तुमची तिथे गरज उरलेली नाही.

"आणि अडलं तर?"

तर किल्ली एकट्या तुमच्याकडे असणं धोक्याचं आहे.

ताई वैतागून हसल्या. "म्हणजे दोन्हीकडून जायचं मीच!"

मागेल त्याच्या हातात सगळं देऊन टाकावं, असं मी म्हणत नाही. मागणाऱ्याला तिथे काही विकायचं असेल, किंवा दोन गटांची भांडणं चालू असतील आणि एकाला दुसऱ्याला बाहेर काढायचं असेल, तर थांबावं. थांबावं म्हणजे तेवढ्या काळापुरतं परत यावं, वाचावं, निर्णय घ्यावा. लांबून नुसता नकार देत बसणं वेगळं. इथे तसं काहीच नव्हतं. तो बाप चार वर्षं रात्री-बेरात्री लोकांना उत्तरं देत होता. अधिकार सोडून अ‍ॅडमिनचं सगळं काम तोच करत होता.

पायथॉन ही संगणकभाषा घडवणारे गीडो व्हान रॉसम जुलै २०१८ मध्ये अंतिम निर्णयाच्या पदावरून बाजूला झाले, तेव्हा त्यांनी वारस नेमला नाही. पुढे काय करायचं ते तुम्ही ठरवा, म्हणाले. लोकांनी पाच जणांचं निवडून दिलेलं मंडळ ठरवलं, आणि २०१९ च्या पहिल्या मंडळात खुद्द व्हान रॉसमही निवडून आले. ताईंना यातला शेवटचा भाग फार आवडला. "म्हणजे परत येता येतं."

येता येतं, पण व्हॉट्सअ‍ॅपची एक गंमत आहे. ग्रुप ज्याने तयार केला त्याला बाकीचे अ‍ॅडमिन पदावरून काढू शकत नाहीत. त्याने स्वतः ग्रुप सोडला तरच ते पद सुटतं. शिवाय एकटाच अ‍ॅडमिन काही न ठरवता निघून गेला, तर अ‍ॅप आपणहून कुणालातरी अ‍ॅडमिन करू शकतं. त्यामुळे क्रम महत्त्वाचा. ताईंनी आधी त्या बापाला आणि दोन आयांना अ‍ॅडमिन केलं. एकीला फक्त रात्रीचं लक्ष ठेवायला सांगितलं. जुना नंबर काढला. ग्रुपचे नियम पुन्हा एकदा टाकले, त्यातला पहिला असा: 'औषधोपचाराचे फॉरवर्ड, कुणीही पाठवले तरी, काढले जातील.'

शेवटचं पाऊल त्यांना माझ्यासमोर टाकायचं होतं. त्यांनी 'ग्रुप सोडा' दाबलं. पडद्यावर एक बारीक करडी ओळ आली, आणि लिहायची जागा नाहीशी झाली. ताई त्या ओळीकडे बघत बसल्या. ठरल्याप्रमाणे दोन मिनिटांत त्या बापाने लिंक पाठवली. त्यांनी ती उघडली नाही. "आज नको," म्हणाल्या, आणि फोन पर्समध्ये टाकला.

चार दिवसांनी त्या साध्या सदस्य म्हणून परत गेल्या. तीनचा गजर अजून बंद झालेला नाही, पण आठवड्यातून दोन रात्री त्या तो लावत नाहीत.

मागच्या महिन्यात त्यांनी मला एक स्क्रीनशॉट पाठवला. साखर कमी करणाऱ्या कुठल्याशा बियांचा फॉरवर्ड न वाचताच त्यांच्याकडून ग्रुपवर गेला होता, आणि त्याच्या जागी आता 'अ‍ॅडमिनने हा मेसेज डिलीट केला' एवढंच दिसत होतं. खाली ताईंनी मला लिहिलं होतं, "सात मिनिटांत उडवला मेल्याने. नियम माझाच."