‘हे काय आहे?’ असं म्युझियममध्ये मोठ्यानं विचारलं तर चालतं का?

मागच्या अंकात म्युझियममधल्या गाइडेड टूर, वर्कशॉप, कलाकाराशी गप्पा वगैरे प्रकारांबद्दल चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा आणि व्हॉट्सॲपचा नुसता पाऊस पडला. बहुतेकांचा सूर एकच, ‘ताई, आम्हाला त्यातलं काही कळत नाही, आम्ही कशाला जायचं?’ त्यातली काही पत्रं इथे घेतलीयेत.

प्रश्न : नातवाला पेंग्विन दाखवायला राणीच्या बागेत नेलं होतं. तिथेच भाऊ दाजी लाड म्युझियम आहे म्हणून शिरलो. जुनी मातीची माणसं, जहाजांची मॉडेल्स, भांडी, सगळं मस्त. पण मधेच आजच्या कुठल्यातरी कलाकाराचं काम मांडलेलं होतं, ते काही झेपलं नाही. जुन्या वस्तूंच्या म्युझियममध्ये हे मॉडर्न आर्ट कशाला घुसवतात? (एक आजोबा, डोंबिवली)

आजोबा, ते मुद्दामच घुसवतात. आणि का ते कळलं ना, की पुढच्या वेळी मजा येईल बघा.

हे म्युझियम लोकांसाठी उघडलं १८७२ साली, तेव्हा नाव व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट. १९७५ मध्ये डॉ. भाऊ दाजी लाडांचं नाव दिलं. भाऊ दाजी मूळचे गोव्यातल्या मांद्र्याचे, पेशानं डॉक्टर, वर संस्कृतचे आणि जुन्या शिलालेखांचे अभ्यासक, आणि हे म्युझियम उभं राहावं म्हणून ज्यांनी खटपट केली त्यात ते पुढे होते. पण त्या काळी म्युझियम म्हणजे काय, तर इंग्रजांच्या नजरेतून या देशाची केलेली मांडामांड. इथे कोण कोण राहतं, कुठली जात कुठली पगडी घालते, कोण कुठला धंदा करतं, इथे काय पिकतं, काय बनतं. तुम्हाला आवडलेली ती मातीची माणसं त्याच हिशेबातली. म्हणजे वस्तू आपल्या, माणसं आपली, पण बघणारा आणि चिठ्ठी लावणारा दुसराच कोणीतरी.

मग २००३ पासून इमारतीची मोठी दुरुस्ती झाली, २००८ मध्ये म्युझियम परत उघडलं (त्या कामाला युनेस्कोचा पुरस्कारपण मिळालाय, २००५ चा) आणि त्यानंतर त्यांनी एक भारी गोष्ट सुरू केली, आजच्या कलाकारांना बोलवायचं आणि सांगायचं की आमचा हा जुना पसारा बघा, आणि त्याला उत्तर म्हणून काहीतरी करा. सुदर्शन शेट्टी, जितीश कल्लाट, एल. एन. तल्लूर, अतुल डोडिया अशी बरीच मंडळी तिथे काम मांडून गेलीत. ते काम बऱ्याचदा वेगळ्या खोलीत नाही, तर त्याच जुन्या कपाटांच्या मधे. म्हणून तर तुम्हाला ते ‘घुसवलेलं’ वाटलं.

मला स्वतःला यातलं सगळ्यात आवडलेलं काम म्हणजे रीना कल्लाट यांचं २०१३ चं. म्युझियमच्या अख्ख्या दर्शनी भागावर एक अवाढव्य कोळ्याचं जाळं पसरलं होतं. लांबून बघितलं तर नुसतं जाळं, जवळ गेलं की कळायचं की ते रबरी शिक्क्यांचं बनलंय, ते आपल्या सरकारी ऑफिसात टेबलावर असतात ना, तसे, फक्त मोठाले. आणि एकेका शिक्क्यावर मुंबईतल्या रस्त्याचं एकेक नाव, ज्या रस्त्यांची इंग्रजी काळातली नावं नंतर बदलली ती. आता सांगा, मुंबईकराला यात न कळण्यासारखं काय आहे? टॅक्सीवाल्याला आपण नवं नाव सांगितलं की तो जुनं विचारतो, आणि हे सगळं एका शिक्क्यानं ठरतं. ज्या इमारतीचं स्वतःचंच नाव बदललंय तिच्या तोंडावर ते जाळं लावायचं, हे मला तरी फार चपखल वाटलं. हां, सगळीच कामं इतकी सरळ उलगडत नाहीत, काही मलाही बंडल वाटलीयेत, ते म्हणायलापण काही हरकत नाही.

तर पुढच्या वेळी एक करा, टूरची वेळ गाठून जा. शनिवार-रविवारी तिथे फुकट टूर असायच्या, इंग्रजीत आणि मराठी-हिंदीतही, आता कधी आहेत ते निघायच्या आधी विचारून घ्या, आणि बुधवारी जाऊ नका, बंद असतं. टूरमध्ये आधी प्रश्न तुम्हीच विचारा, बाकीचे लाजून गप्प असतात, एकानं तोंड उघडलं की सगळे सुटतात. आणि नातवाला म्युझियमच्या मागच्या बाजूलापण न्या, मूळचा काळा घोडा तिथे उभा आहे. १९६५ मध्ये फोर्टातून उचलून इकडे आणून ठेवला, पाठीवर इंग्लंडचा राजा सातवा एडवर्ड अजून बसलेला आहे. काळा घोडा चौकात २०१७ पासून जो नवा घोडा आहे त्याच्यावर कोणीच नाही. दोन्ही घोडे दाखवा आणि पोराला विचारा की फरक काय. म्युझियमवाले वर्कशॉपमध्ये याहून वेगळं काही करत नाहीत, खरंच.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मुंबईला सहल नेणं आमच्या मुलांना परवडत नाही. आणि नेली तरी मुलं पळापळ करतात, मी ‘हात लावू नका, ओळीत चला’ एवढंच ओरडत फिरते. काही उपाय? (एक शिक्षिका)

मॅडम, मुंबईचं नंतर बघू. तुमच्या जिल्ह्यातच औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी म्युझियम आहे ना! औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी, तेच ते सूर्यनमस्कारवाले, स्वतः चित्रं काढायचे, त्यांनी १९३८ मध्ये ते बांधलं. राजा रविवर्मा तिथे आहे, आणि हेन्री मूर या जगप्रसिद्ध इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल असं छोटंसं दगडी शिल्पपण आहे. पुण्या-मुंबईचे कितीतरी कलाप्रेमी ते शिल्प अजून बघायचे राहिलेत, आणि तुमच्या मुलांना ते एसटीच्या अंतरावर आहे. शिवाय मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची ‘म्युझियम ऑन व्हील्स’ नावाची बस आहे, २०१५ पासून, एसी बसमध्येच प्रदर्शन मांडून शाळांपर्यंत, गावांपर्यंत जाते. शाळेच्या लेटरहेडवर पत्र टाका, विचारायला काय जातंय.

आता तुमच्या ओरडण्याचं. मुलं पळतात कारण त्यांना सगळं बघायला सांगितलेलं असतं. सगळं बघायचं नाही. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये फिलिप येनावाइन नावाचे शिक्षण विभागाचे प्रमुख होते, १९८३ ते १९९३, त्यांच्याकडे टूर जोरात चालायच्या, लोक खूश होऊन घरी जायचे. पण नंतर तपासलं तर लोकांच्या डोक्यात त्यातलं फारसं काही उरलेलं नसायचं! मग त्यांनी ॲबिगेल हाउझन या मानसशास्त्रज्ञ बाईंच्या सोबतीनं एक पद्धत बसवली. त्यात माहिती सांगायचीच नाही, एका चित्रासमोर मुलांना बसवायचं, थोडा वेळ गप्प बघू द्यायचं आणि तीनच प्रश्न फिरवून फिरवून विचारायचे. या चित्रात काय चाललंय? असं कशावरून म्हणतोस? आणखी काय दिसतंय? बस्. मूल जे बोलेल ते आपण आपल्या शब्दांत परत बोलून दाखवायचं, शाबासकी नाही, चूक-बरोबर नाही. सगळी जादू दुसऱ्या प्रश्नात आहे, कारण ‘ती बाई दुःखी आहे’ म्हणणाऱ्या पोराला मग परत चित्रात शिरून डोळे, हात, पदर कुठे धरलाय ते शोधावं लागतं.

औंधला अर्ध्या दिवसात तीन चित्रं करा, बाकीची सोडून द्या. वर्गात आधी कॅलेंडरवरच्या चित्रावर सराव करून घ्या म्हणजे झालं. आणि एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांनी ‘मला ड्रॉइंग येत नाही’ अशी भीती ज्यांच्या मनात बसलीय ती पोरं यात सगळ्यात पुढे असतील, कारण इथे काढायचं नाहीये, बोलायचंय. मेसेज नक्की करा, कसं झालं ते.

प्रश्न : काही वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो होतो. तिनं कौतुकानं टेट मॉडर्नला नेलं, तर त्या मोठ्या हॉलमध्ये झोपाळे, आणि मोठमोठी माणसं झोके घेतायत! जावई म्हणाले हे पण आर्टच. मग आमच्या सोसायटीतली बाग काय वाईट? (निवृत्त बँक कर्मचारी, पुणे)

हाहा, जावयांशी वाद घातला नाहीत ना? तो हॉल म्हणजे जुन्या वीज केंद्राची टर्बाइन जिथे होती ती जागा. केंद्र १९८१ मध्ये बंद पडलं, तिथे २००० मध्ये म्युझियम उघडलं, आणि तेवढ्या मोठ्या रिकाम्या जागेत दरवेळी एका कलाकारानं काहीतरी करायचं असं चालू झालं. तुम्ही बघितलेले झोपाळे सुपरफ्लेक्स या डॅनिश कलाकारांच्या ग्रुपचे, २०१७ चे. सोसायटीतल्या झोपाळ्यात आणि त्यांच्यात फरक एवढाच की ते एकावर तिघांनी बसायचे होते. तिघांनी एकत्र जोर लावायचा, आणि तिसरा बहुतेक वेळा अनोळखीच. लंडनसारख्या शहरात अनोळखी माणसाशी ‘चला, आता पाय मारा’ असं बोलायला लागणं हेच ते काम होतं. तुम्ही बसलात का पण? पत्रात ते लिहिलंच नाहीत.

त्याच हॉलमध्ये २००३ मध्ये ओलाफुर एलियासननं धुकं सोडून एक प्रचंड पिवळा सूर्य लावला होता, छताला आरसे, आणि लोक आपणहून जमिनीवर आडवे होऊन वर स्वतःला शोधायचे, कोणी सांगितलं नव्हतं झोपायला. उलट २०१० मध्ये चीनच्या आय वेवेनं चिनी मातीच्या दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया अंथरल्या, एकूण एक हातानं रंगवलेल्या, त्यावरून लोकांनी चालावं अशी कल्पना, आणि उघडल्यावर थोड्याच दिवसांत धूळ उडून तब्येतीला धोका म्हणून चालणं बंद करून दोरी लावली. म्हणजे लोकांना कामात ओढायचं हे गणित नेहमी बसतं असं नाही. पण तुम्ही इतक्या वर्षांनी अजून चिडून त्यावर पत्र लिहिताय, म्हणजे काम झालंय की!

प्रश्न : शहरात खड्डे बुजवायला पैसे नाहीत आणि आर्टवर खर्च? हे श्रीमंतांचे चोचले आहेत. (नाव नको, ठाणे)

खड्डे बुजवायलाच हवेत, त्यावर वाद नाही. पण चोचले म्हणून सोडून दिलं ना, तर ते खरंच फक्त श्रीमंतांचंच राहतं. भाऊ दाजी लाड म्युझियमचंच घ्या, महापालिका, जमनालाल बजाज फाउंडेशन आणि इंटॅक (जुन्या वास्तू आणि वारसा जपणारी संस्था) यांनी मिळून ते परत उभं केलं, म्हणजे त्यात तुमच्या-माझ्यासारख्यांचा हिस्सा आहे, आणि ज्याचा हिस्सा आहे त्यानं जाऊन हिशेब मागावा, मराठीत टूर आहे का, मराठीत पाटी आहे का, सोमवार ते शुक्रवार कामावर असणाऱ्याला जमेल अशा वेळेला कार्यक्रम आहे का. फोर्टातली नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्ट ज्या इमारतीत १९९६ पासून आहे तो आधी कावसजी जहांगीर हॉल होता, १९११ चा. तिथे गाण्याच्या मैफली झाल्या, युनियनच्या सभा झाल्या, लग्नाची रिसेप्शनं आणि बॉक्सिंगच्या मॅचपण झाल्या. आता त्याच हॉलच्या पायरीवर आपल्याला बुजल्यासारखं होतं, हे जरा उलटंच झालं. २०१७ मध्ये ससून डॉकला, म्हणजे मासळीच्या धक्क्यावरच, आर्ट प्रोजेक्ट झाला तेव्हा तिथे चपला कुठल्या घातल्यात हे कोणी बघत नव्हतं, पायाखाली पाणी आणि शेजारून बर्फाचे ट्रक.

प्रश्न : पिळर्णला म्युझियम ऑफ गोवा आहे, तिथे रविवारी कार्यक्रम असतात. जावंसं वाटतं पण सगळे इंग्रजी बोलतील आणि आपण एकटेच कोकणी-मराठीवाले, अशी धास्ती वाटते. (गृहिणी, म्हापसा)

जा हो, बिनधास्त जा. ते म्युझियम २०१५ मध्ये सुरू केलं सुबोध केरकरांनी, आणि ते आधी डॉक्टर होते, दवाखाना सोडून चित्रकार झालेले. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाताना आपण चुकून फॅक्टरीत शिरतोय की काय असं वाटेल. तिथली बरीच कामं शिंपल्यांची, होड्यांची, मिरचीची, समुद्रातून काय आलं आणि काय गेलं याची, म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातलीच गोष्ट, तिथे तुम्हाला जास्त कळणार की दिल्लीहून आलेल्याला? कोकणीत विचारा. उत्तर इंग्रजीत आलं तर परत कोकणीत विचारा. आणि डिसेंबरात पणजीला सेरेंडिपिटी महोत्सव असतो, २०१६ पासून, मैत्रिणींना घेऊन संध्याकाळची चक्कर मारा.

प्रश्न : मला म्युझियममध्ये हेच काम करायचंय, टूर, वर्कशॉप वगैरे. बी.ए. इतिहास झालंय, ड्रॉइंग येत नाही. चालेल? (वय २२, नाशिक)

चालेल, धावेल. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात म्युझियॉलॉजीचा, म्हणजे म्युझियम कसं चालवायचं ते शिकवणारा विभाग १९५२ पासून आहे, मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात डिप्लोमा करता येतो, भाऊ दाजी लाडमध्ये आधुनिक आणि समकालीन कलेचा इतिहास आणि क्युरेशन (प्रदर्शनात काय आणि कसं मांडायचं ते ठरवणं) यावर कोर्स चालवला जातो. फी आणि तारखा दरवर्षी बदलतात, त्यांच्याकडूनच घे. पगार सुरुवातीला यथातथाच असतो, घरच्यांना ते आत्ताच सांगून ठेव. आणि कोर्सला बसायच्या आधी नाशिकच्याच एखाद्या म्युझियममध्ये चार रविवार पोरांच्या घोळक्याबरोबर उभी राहून बघ, पाचव्या मिनिटाला वैताग आला तर ऑफिसमधलं कॅटलॉगिंगचं, म्हणजे वस्तूंच्या नोंदी ठेवायचं काम बघ, त्यालाही माणसं लागतातच.