हॅम्बुर्गची एल्बफिलहार्मोनी: नुसता प्लाझा बघून यावं की कॉन्सर्टचं तिकीट काढावं?

एल्बफिलहार्मोनी म्हणजे हॅम्बुर्गच्या बंदरावरचं संगीत सभागृह, आणि प्लाझा म्हणजे त्याच इमारतीतला सर्वांना खुला असलेला सज्जा. तुमचा प्रश्न असा आहे: हॅम्बुर्गमध्ये दोनच दिवस आहेत, पाश्चात्य शास्त्रीय संगीतातलं काही कळत नाही, मग प्लाझा पाहून भागेल की कॉन्सर्टला पैसे घालावेत? माझं मत, कॉन्सर्टला जा. फक्त तिकीट काढताना कार्यक्रमाइतकंच लक्ष सीट कुठे आहे याकडे द्या.

प्लाझाचं थोडक्यात सांगतो. खालची विटांची इमारत म्हणजे 1960च्या दशकातलं बंदरावरचं जुनं गोदाम. त्यात कोको, चहा, तंबाखू साठवत. त्याच्यावर हेर्झोग आणि द म्यूरों या स्विस वास्तुरचनाकारांनी काचेची इमारत चढवली. दोन्हींच्या सांध्यावर, 37 मीटर उंचीवर, हा प्लाझा आहे. वर नेणारा सरकता जिना 82 मीटर लांब आणि मधे किंचित वळलेला आहे, त्यामुळे पायथ्याशी उभं राहून दुसरं टोक दिसत नाही. प्लाझाचा पास जागेवर फुकट मिळतो. ऑनलाइन आधी काढला तर थोडे पैसे पडतात, पण सुट्टीच्या दिवशी दुपारी रांग मोठी असते, तेव्हा ते वसूल होतात. बाहेरच्या गॅलरीत वारा जोरदार असतो. मे महिन्यातही जॅकेट लागेल. एक तास पुष्कळ झाला.

प्लाझावरून मुख्य सभागृह मात्र अजिबात दिसत नाही, आणि खरी बघण्याची गोष्ट तीच आहे. आत जायचे मार्ग दोन: गाइडेड टूर किंवा कॉन्सर्ट. टूरमध्ये सभागृह दाखवतीलच याची खात्री नसते, कारण दिवसा तिथे तालमी चालतात. शिवाय रिकामं सभागृह पाहून त्याचं अर्धंच कळतं.

साधारण 2,100 सीट्स आहेत, पण कुठलीही सीट कंडक्टरपासून, म्हणजे हातवारे करून वाद्यवृंद चालवणाऱ्यापासून, 30 मीटरपेक्षा लांब नाही. वाद्यवृंद मधोमध आणि प्रेक्षक चहूबाजूंनी टप्प्याटप्प्याने वर चढत गेलेले. बर्लिनच्या फिलहार्मोनी या सभागृहाने 1963 मध्ये रूढ केलेली ही मांडणी. भिंतींवर जिप्सम फायबरचे सुमारे 10,000 पॅनेल आहेत आणि प्रत्येकावरचे खळगे वेगळे कोरलेत, म्हणजे आवाज एकाच दिशेला न परतता विखुरतो. ध्वनियोजना यासुहिसा तोयोता यांची. बाहेर जहाजांचे भोंगे आणि त्याच इमारतीत हॉटेल, म्हणून सगळं सभागृह 362 स्प्रिंगांच्या संचांवर बाकीच्या इमारतीपासून वेगळं तोललेलं आहे. ऑर्गन या हवेवर वाजणाऱ्या मोठ्या वाद्याच्या काही नळ्या प्रेक्षकांच्या हाताशी येतात, त्यांना स्पर्श करायलाही हरकत नाही.

आता सीट. वाद्यवृंदाच्या मागची जागा मिळाली तर कंडक्टरचा चेहरा समोर दिसतो, नवख्याला त्यात खूप मजा येते. पण तिथे तालवाद्यं जवळ पडतात, फ्रेंच हॉर्न या पितळी वाद्यांची तोंडं मागे तुमच्याकडेच वळलेली असतात, व्हायोलिन दूर जातात. नुसत्या सिम्फनीला, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेला, हे चालतं. गायक असेल तर मागे बसूच नका. माणसाचा आवाज समोर जातो, पाठीमागे शब्द पोचत नाहीत. जानेवारी 2019 मध्ये योनास काउफमान हा जर्मन गायक इथे मालर या संगीतकाराची रचना गात असताना ऐकू येत नाही म्हणून प्रेक्षकांतून आरडाओरडा झाला आणि काही जण उठून गेले. पियानोचंही तेच, कारण उघडं झाकण आवाज एका बाजूला फेकतं. वरच्या टप्प्यांवर आवाज छान एकजीव होतो, पण पायऱ्या उभ्या आहेत. गुडघे दुखत असतील किंवा उंचीची भीती वाटत असेल तर खालचा टप्पा घ्या. पहिल्यांदा जाणाऱ्याने मोठ्या वाद्यवृंदाचा कार्यक्रम निवडावा. एकट्या वादकाच्या कार्यक्रमात सभागृहाची ताकद कळत नाही.

तिकीट सभागृहाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच घ्या. नावाजलेले कार्यक्रम महिनोन्‌महिने आधी संपतात, पण परत आलेली तिकिटं शेवटच्या आठवड्यात अधूनमधून दिसतात, म्हणून रोज एकदा बघत राहा. त्रयस्थ पुनर्विक्रीच्या साइट दुप्पट-तिप्पट किंमत लावतात, तिकडे फिरकू नका. काहीच मिळालं नाही तर हॅम्बुर्गच्याच 1908 सालच्या लाइसहाले या जुन्या सभागृहातला कार्यक्रम पाहा. मांडणी जुन्या पद्धतीची आहे, पण संगीत ऐकायला ते कमी नाही.

जायचं कसं: यू-3 मेट्रोने बाउमवालला उतरा, तिथून पाचेक मिनिटांवर पूल लागतो. त्याचं नाव महात्मा गांधी पूल, फोटो काढायला थांबालच. कॉन्सर्टचं तिकीट असलं की प्लाझाचा वेगळा पास लागत नाही, कार्यक्रमाआधी दोन तास त्याच तिकिटावर वर जाता येतं. तेवढं आधी जाच. प्लाझापासून सीटपर्यंत लाकडी जिन्यांची वळणं आहेत आणि आपला दरवाजा शोधताना दहा मिनिटं सहज जातात. उशीर झाला तर दोन रचनांच्या मधे सोडतात, किंवा थेट मध्यंतरानंतर.

आपल्याकडे मैफलीत गाण्यातली एखादी जागा आवडली की तिथल्या तिथे ‘वा!’ निघतं. इथे ते गिळायचं. सिम्फनीचे बहुतेक चार भाग असतात आणि प्रत्येक भागानंतर शांतता पसरते. तेव्हा टाळी वाजवायची नाही. कंडक्टर हात खाली आणून प्रेक्षकांकडे वळेपर्यंत थांबा, किंवा सरळ इतरांच्या मागून वाजवा. हा हॉल सगळं स्वच्छ ऐकवतो, त्यात खोकल्याच्या गोळीचा कागदही आला. गोळ्या आधीच सोलून खिशात ठेवा. फोटो काढायचे ते कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी आणि संपल्यावर. सूट-टायची गरज नाही, नीटनेटके कपडे पुरेत.

कार्यक्रम मध्यंतर धरून साधारण दोन तास चालतो. सुटल्यावर सगळे एकदम बाउमवालकडे निघतात, म्हणून अर्धा तास प्लाझावरच रेंगाळा. तो मध्यरात्रीपर्यंत उघडा असतो, आणि त्या वेळी दिवसाचे पर्यटक गेलेले असल्याने गॅलरीत कठड्यापाशी जागा मिळते. परतीचा मेट्रो प्रवास कॉन्सर्टच्या तिकिटात धरलेला आहे का, ते आधी बघून घ्या.