क्विल्टचा ब्लॉक, म्हणजे एकेक चौकोनी तुकडा, कापून मध्ये पट्ट्या जोडून बारीक रेघा काढते आहे, पण ब्लॉक लहान होतो आणि रेघा छेदतात तिथे तुटतात. काय करू?

दोन्हीचं मूळ मायेत, म्हणजे शिवणीबाहेर सोडलेल्या कापडात आहे. पाव इंच माया धरली तर पट्टीचा अर्धा इंच दोन शिवणींत जातो आणि कापलेल्या ब्लॉकचाही दोन्हीकडून मिळून अर्धा इंच जातो. पाऊण इंची पट्टी लावली की दिसायला पाव इंचाची रेघ उरते आणि ब्लॉक पाव इंचाने घटतो. अशा चार उभ्या रेघा काढल्या की 10 इंची ब्लॉक 9 वर आलाच.

एक इंची पट्टीत मात्र जेवढं जातं तेवढंच भरून येतं. रेघ अर्ध्या इंचाची, ब्लॉक होता तेवढाच. शिवाय आधीची तिरकी रेघ पलीकडे सरळ पुढे जाते. फक्त कापण्याआधी कापायच्या रेषेवर पेन्सिलीने तिला ओलांडणाऱ्या दोन-तीन आडव्या खुणा करा आणि दुसरी बाजू जोडताना त्या समोरासमोर आणा. सुरुवात यानेच करा.

पाव इंचाची रेघच हवी असेल तर खुणा जुळवून भागत नाही, तिरकी रेघ पायरीसारखी तुटते. एक बाजू शिवली की जुन्या रेघेच्या कडेला फूटपट्टी लावा, ती कड नव्या पट्टीवर पुढच्या शिवणीपर्यंत वाढवा आणि दुसरा तुकडा तिथे जुळवा. जुळवायचं शिवणीच्या रेषेवर, कापडाच्या काठावर नाही. इथेच बहुतेकांचं फसतं.

रेघ एकसारखी यायला पहिल्या शिवणीची माया पट्टीकडे वळवून इस्त्री करा. दुसरी शिवण घालताना ती माया वर दिसू द्या आणि तिच्या कडेला अगदी लागून टाका चालवा. माया नेमकी पाव इंच असेल तर रेघही नेमकी येते, वर थोडी उठूनही दिसते.

डिझाइन करताना क्रम आधी ठरवा. शेवटी घातलेली रेघ अखंड राहते, बाकीच्या तिच्यामुळे कापल्या जातात; म्हणून मुख्य रेघ शेवटी. एखादी मध्येच संपवायची असेल तर ती दुसऱ्या रेघेला टेकवा.

पट्टी उभ्या धाग्यावर कापा, उरेब म्हणजे धाग्याला तिरकी कापलेली पट्टी ताणली जाते. ब्लॉकमधला तिरका कापही उरेबच असतो, त्यामुळे कापण्याआधी ब्लॉकला स्टार्च मारा. कापड साधं, एकरंगी सुती घ्या. जरीच्या काठांचा मोह होतो, पण पाव इंचात जरीची माया बसतच नाही, नुसता गठ्ठा होतो.