अमेरिकेतलं बाळंतपण: भाच्याला पत्र

चि. भाचेबुवा,

अनेक आशीर्वाद. बातमी ऐकून फार बरं वाटलं. वन्संना मात्र एवढ्यात आकडे सांगू नकोस. त्या डॉलरचे रुपये करत बसतील आणि दोघांच्याही जिवाला घोर लावतील.

तू विचारलंस, "मामी, एकूण किती लागतील?" ऑफिसातल्या कुणीतरी तीस हजार डॉलरचं बिल दाखवून तुला घाबरवलेलं दिसतंय. इथल्या दवाखान्यांच्या बिलिंगमध्ये इतकी वर्षं काढली, म्हणून सांगते: त्या आकड्याला काही अर्थ नाही. हॉस्पिटल लावतं एक रक्कम, इन्शुरन्स कंपनी करारानुसार मान्य करते भलतीच. तुझ्या खिशातून काय जाणार ते तुझा प्लॅन ठरवतो, आणि त्याहून जास्त तारखा ठरवतात.

समज, मान्य रक्कम 18,000 डॉलर आहे. डिडक्टिबल, म्हणजे कंपनी पैसे द्यायला लागण्याआधी तू भरायची रक्कम, 2,000, ते पूर्ण तुझं. उरलेल्या 16,000 चे तुझ्या वाट्याला 20 टक्के, म्हणजे 3,200. झाले 5,200. पण प्लॅनची वर्षाची कमाल मर्यादा, आउट ऑफ पॉकेट मॅक्सिमम, 5,000 असेल तर तू 5,000 वर थांबलास. ही मर्यादा कायद्याने बांधलेली आहे. नेटवर्कमधल्या, म्हणजे इन्शुरन्स कंपनीशी करार असलेल्या डॉक्टर-हॉस्पिटलांच्या उपचारांसाठी 2025 मध्ये ती एका माणसामागे जास्तीत जास्त 9,200 आणि कुटुंबामागे 18,400 डॉलर होती. कुटुंबाचा आकडाही बघून ठेव, कारण बाळ जन्मलं की त्याची बिलं त्याच्या नावावर वेगळी येतात. एनआयसीयूत, म्हणजे नवजात बाळांच्या अतिदक्षता विभागात, ठेवावं लागलं तर खरा खर्च तिथेच.

आता तारखा. तुझ्या बायकोची तारीख फेब्रुवारीतली. तुझ्या प्लॅनचं वर्ष जानेवारीत बदलतं, म्हणजे 1 तारखेला डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून. सोनोग्राफी, रक्ताच्या तपासण्या या वर्षात पडतील. डॉक्टरची फी मात्र बहुतेक ठिकाणी तपासण्या आणि प्रसूती मिळून एकत्र, प्रसूतीनंतर लावतात. म्हणजे मोठा भार पुढच्या वर्षावर. नोव्हेंबरात ओपन एनरोलमेंट, म्हणजे प्लॅन बदलायची वर्षातली मुदत, उघडलं की हप्ता थोडा जास्त असला तरी कमी मर्यादेचा प्लॅन घे. एरवी तुझ्या वयाच्या पोराला मी उलटं सांगितलं असतं.

दुसरी तारीख बाळाच्या जन्माची. कंपनीच्या प्लॅनमध्ये बाळाचं नाव घालायला 30 दिवस मिळतात. त्यात अर्ज केलास तर कव्हर जन्मदिवसापासून धरलं जातं. चुकलास तर पुढच्या एनरोलमेंटपर्यंत बाळ प्लॅनबाहेर राहू शकतं. सोशल सिक्युरिटी नंबर यायची वाट बघू नकोस, तो मागाहून देता येतो. आणि बारसं बाराव्या दिवशी खुशाल करा, पण जन्मदाखल्याचा कागद घेऊन बाई खोलीत येते ती दुसऱ्याच दिवशी. नाव तयार ठेवा, नाहीतर पुढे दुरुस्तीच्या खेपा.

नोकरी बदलायचं तुझ्या डोक्यात आहे ना? म्हणून स्पष्टच लिहिते. गरोदरपण आधीपासूनचं आहे म्हणून नवी कंपनी तिचा खर्च नाकारू शकत नाही. पण नवं कव्हर सुरू व्हायला 90 दिवसांपर्यंत वेळ लावू शकते, आणि बाळंतपण नेमकं त्या फटीत आलं तर? त्यासाठी कोब्रा आहे. 20 किंवा जास्त माणसांच्या कंपनीत जुनाच प्लॅन स्वतःच्या पैशाने चालू ठेवता येतो. निर्णयाला 60 दिवस असतात आणि कव्हर मागच्या तारखेपासून लागतं. हप्ता ऐकून डोळे पांढरे होतील, तरी बाळंतपणापुढे तो परवडतो. प्रवासी विमा मात्र तिच्यासाठी अजिबात काढू नकोस, त्यात बाळंतपण सहसा नसतंच. तो काढायचा वन्सं मदतीला येतील तेव्हा त्यांच्यासाठी.

घरी एक पत्र येईल, वर ठळक छापलेलं: हे बिल नाही. त्याला ईओबी म्हणतात. हॉस्पिटलने लावलेली रक्कम, सूट, कंपनीने भरलेले पैसे, आणि शेवटच्या रकान्यात तुझा वाटा. तो आकडा आणि हॉस्पिटलच्या बिलावरचा आकडा जुळेपर्यंत एक डॉलर भरायचा नाही. जुळला नाही तर ओळवार तपशिलाचं बिल माग. पाठीत इंजेक्शन देणारा भूलतज्ज्ञ नेटवर्कबाहेरचा निघाला म्हणून पूर्वी लोक बुडायचे. 2022 पासून नेटवर्कमधल्या हॉस्पिटलात तसं जादा बिल लावता येत नाही. हॉस्पिटल मात्र नेटवर्कमधलं हवं, आणि तिची डॉक्टर त्याच हॉस्पिटलात प्रसूती करते का, हे आधी विचार. एकदम भरणं जड गेलं तर बहुतेक हॉस्पिटलं बिनव्याजी हप्ते करून देतात, फक्त आपण मागावे लागतात. आपल्या लोकांना मागायची लाज फार.

पुण्याला जाऊन बाळंत व्हायचं म्हणत होतात. पैशाने स्वस्त, माहेरची ऊब वेगळीच. पण बाळाला परत आणताना त्याचा व्हिसा, पासपोर्टवर व्हिसाचा शिक्का घ्यायच्या, स्टॅम्पिंगच्या तारखा, आणि तू इकडे एकटा. तिला माहेरीच जायचं असेल तर जाऊ दे, केवळ पैशासाठी पाठवू नकोस.

अजून एक. न्यू जर्सीत तुझ्या पगारातून फॅमिली लीव्ह इन्शुरन्सचे, म्हणजे बाळासाठी घेतलेल्या रजेत पगाराचा काही भाग देणाऱ्या विम्याचे, पैसे कापले जातात, पे स्टबवर, म्हणजे पगाराच्या चिठ्ठीवर बघ. व्हिसावर असलास तरी तो तुझा हक्क आहे, 12 आठवड्यांपर्यंत. मॅनेजरला डिसेंबरातच सांगून ठेव.

आत्ताच्या आणि कमी मर्यादेच्या, दोन्ही प्लॅनची माहितीपत्रकं मला व्हॉट्सॲपवर टाक. शनिवारी सकाळी मी मोकळी आहे, तिलाही फोनवर घे.

तुझी,
मामी